जुनं पॅकेज, नवा सर्व्हर : सोर्स कोड हातात नसताना होस्टनेम कसं बसवायचं

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान घ्या, तासगावकडचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज घ्या, नाहीतर कराड-साताऱ्याकडची छोटी पतसंस्था घ्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं हिशेबाचं पॅकेज अशा ठिकाणी अजून चालू असतं. पट्टी, हमाली, तोलाई, खातेउतारा सगळं त्यातून चोख निघतं. लिहिणारा मात्र संपर्कात नसतो आणि सोर्स कोड कुणाकडेच नसतो. मग सर्व्हर जळतो, किंवा पुराच्या पाण्यात जातो. नवा पीसी येतो, बॅकअप चढतो, आणि सर्व्हरला जोडलेले सगळे पीसी, म्हणजे नोड, एकच सांगतात : सर्व्हर सापडत नाही.

डेटाला काही झालेलं नसतं. अडलेलं असतं नावावर, म्हणजे पीसीच्या होस्टनेमवर. पॅकेज 'सर्व्हर१' अशी हाक मारत असतं आणि नव्या पीसीचं नाव विंडोजने स्वतःच 'डेस्कटॉप-' आणि पुढे सात कसलीतरी अक्षरं असं ठेवलेलं असतं. अशा वेळी "सगळं नव्याने लिहून घ्या" असा सल्ला मिळतो. तो खर्च बहुतेक वेळा टाळता येतो. प्रोग्रॅम फक्त नाव विचारतो; त्या नावाचा पत्ता ऑपरेटिंग सिस्टिम देते. प्रोग्रॅमला हात लावता येत नसला तरी सिस्टिमने द्यायचं उत्तर आपल्या हातात आहे.

वाचण्याआधी एक सूचना. खालच्या आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. उदाहरणं विंडोज १० आणि ११ची आहेत. लिनक्सचा भाग शेवटाकडे आहे.

हाताशी काय हवं

- सर्व्हरचा आणि प्रत्येक नोडचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड. तो नसेल तर आज काम सुरू करू नका.
- राउटरचा लॉगिन पासवर्ड.
- जुन्या सर्व्हरचं नेमकं नाव. पीसी चालू होत नसेल तर कोणत्याही नोडवरच्या शॉर्टकटमध्ये किंवा मॅप केलेल्या ड्राइव्हच्या पत्त्यात ते बहुधा मिळतं.
- पॅकेजच्या खरेदीचं बिल आणि लायसन्स की, असेल तर.
- डेटाचा आजचा बॅकअप, सर्व्हरबाहेरच्या डिस्कवर. पेन ड्राइव्ह सर्व्हरलाच लावून ठेवला असेल तर तो बॅकअप धरू नका.
- वही आणि पेन. प्रत्येक पीसीचं नाव, आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) आणि त्यावर केलेला बदल लिहायला.

वेळ संध्याकाळची धरा, सौदे आणि काउंटर बंद झाल्यावर. सर्व्हरचं नाव बदलताना रीस्टार्ट लागतो आणि तेवढा वेळ एकाही नोडवर पॅकेज उघडं राहता कामा नये.

## १. प्रोग्रॅम नेमकं काय विचारतोय ते ओळखा

नावाची अडचण दोन प्रकारची असते आणि दोघींचे उपाय वेगळे आहेत.

पहिली : "मी कोण?" प्रोग्रॅम ज्या पीसीवर चालतोय त्याचंच नाव विचारतो. काउंटरनुसार बिलाचे क्रमांक देणारी पॅकेजेस, पीसीच्या नावाने तात्पुरती फाइल बनवणारी पॅकेजेस आणि लायसन्स तपासणारी पॅकेजेस असं करतात. इथे त्या पीसीचं खरं नाव बदलावं लागतं, दुसरा सोपा मार्ग नाही.

दुसरी : "तो कुठे?" प्रोग्रॅम दुसऱ्या पीसीला नावाने हाक मारतो. डेटाबेस, शेअर फोल्डर, प्रिंटर हे सगळं यात येतं. इथे त्या नावाचा पत्ता नोडला सांगितला तरी बऱ्याचदा भागतं, सर्व्हरचं नाव काहीही असो.

ओळखायचं कसं? सर्व्हरवर बसून पॅकेज उघडा. तिथे ते नीट चालतं आणि फक्त नोडवर अडतं, तर अडचण दुसऱ्या प्रकारची. सर्व्हरवरही उघडत नसेल तर दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात, कारण एकाच पीसीवरचा प्रोग्रॅमसुद्धा स्वतःच्या डेटाबेसला नावाने हाक मारू शकतो.

## २. नाव कुठे लिहून ठेवलंय ते शोधा

"नाव कोडमध्येच असणार" असं धरून लोक हात टेकतात. बहुतेक वेळा ते कोडबाहेर असतं. खालच्या क्रमाने बघा, कारण सोप्या जागा आधी आहेत.

शॉर्टकट. पॅकेजच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट. तिथे \\सर्व्हर१\ असं काही दिसलं तर अर्धं काम झालं.

मॅप केलेला ड्राइव्ह. 'धिस पीसी'मध्ये झेड किंवा तत्सम अक्षराचा ड्राइव्ह कुठे जोडलाय ते बघा. प्रोग्रॅम फक्त झेड ओळखत असेल तर जुना ड्राइव्ह तोडून त्याच अक्षरावर नव्या नावाने जोडा. विषय संपला.

कॉन्फिग फाइल. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये आयएनआय, सीएफजी, एक्सएमएल किंवा कॉन्फिग अशा शेपटीच्या फाइली नोटपॅडमध्ये उघडून जुन्या नावाचा शोध घ्या. एका सापळ्यात इथे भलेभले अडकतात. जुने ३२-बिट प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स' किंवा 'विंडोज' फोल्डरमध्ये लिहायला गेले की विंडोज त्यांना तिथे लिहू देत नाही. गुपचूप वेगळी प्रत बनवून देतं. ती युजरच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर इथे असते. तुम्ही मूळ फाइल कितीही वेळा दुरुस्त करा, प्रोग्रॅम व्हर्च्युअलस्टोअरमधलीच वाचणार. म्हणून फाइल बदलूनही फरक पडला नाही तर आधी हा फोल्डर उघडा. प्रत्येक युजरचा वेगळा असतो हेही लक्षात असू द्या.

ओडीबीसी. प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारी ही विंडोजची सोय; डेटाबेसचा पत्ता इथे असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये ओडीबीसीचे दोन आयकॉन दिसतात, ३२-बिट आणि ६४-बिट. जुनं पॅकेज जवळजवळ नक्की ३२-बिट असतं. फसवणारी गोष्ट अशी की ३२-बिटची खिडकी 'सिसवाऊ६४' फोल्डरमध्ये आहे आणि ६४-बिटची 'सिस्टम३२'मध्ये. नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे. चुकीच्या खिडकीत केलेला बदल पॅकेजला दिसतच नाही.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जचा साठा. रेजएडिट उघडून जुनं नाव शोधा. ३२-बिट प्रोग्रॅमच्या नोंदी सॉफ्टवेअरखालच्या 'वाऊ६४३२नोड' या फांदीत असतात. काही बदलण्याआधी ती फांदी एक्स्पोर्ट करून ठेवा.

एवढं करूनही सापडलं नाही तर प्रोग्रॅमलाच बोलतं करायचं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' द्या, लगेच पॅकेज उघडा, एरर येऊ द्या, आणि मग 'आयपीकॉन्फिग /डिस्प्लेडीएनएस' द्या. नुकत्याच विचारल्या गेलेल्या नावांची यादी येते. कुठलं नाव मागितलं गेलं ते त्यात बहुधा दिसतं.

तरीही हाती लागत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस मॉनिटर वापरा. हे फुकट आहे. पॅकेजच्या ईएक्सईचं (प्रोग्रॅमच्या मुख्य फाइलीचं) नाव फिल्टरमध्ये टाकलं की ते कोणती फाइल आणि रजिस्ट्रीची कोणती नोंद वाचतंय ते ओळीनं दिसतं. शेवटच्या, एरर येण्याआधीच्या पंचवीसेक ओळी बघा. त्याच संचातलं 'स्ट्रिंग्ज' हे साधन ईएक्सईमध्ये कोरलेले शब्द बाहेर काढून दाखवतं. नाव फक्त तिथेच सापडलं तर ते खरोखर कोडमध्ये आहे, आणि कलम ५ ते ७ तुमच्यासाठी आहेत. ईएक्सई फाइल हेक्स एडिटरने उघडून नाव खोडण्याचा मोह टाळा. एक अक्षर कमी-जास्त झालं तरी फाइल निकामी होते, आणि अँटिव्हायरसला असली फाइल संशयास्पद वाटते.

## ३. नाव ठरवा

पॅकेज जुनंच नाव मागत असेल तर निवड उरत नाही. नवं ठरवायचं असेल तर नियम असे :

- रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच. मोकळी जागा, टिंब, अंडरस्कोअर नको. अंडरस्कोअर काही ठिकाणी चालून जातं आणि वेब किंवा जावाच्या प्रोग्रॅममध्ये अचानक अडतं, म्हणून मुळातच टाळा.
- जोडरेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको. नुसत्या आकड्यांचं नाव विंडोज घेत नाही.
- लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही.
- विंडोजमध्ये १५ अक्षरांच्या आत.

शेवटच्या नियमाचं कारण जुनं आहे. नेटबायोस ही नेटवर्कवर पीसी नावाने ओळखण्याची विंडोजची जुनी पद्धत; तिच्यात नावाला १६ जागा असतात आणि सोळावी सेवेच्या खुणेसाठी राखीव असते. डीएनएसमध्ये, म्हणजे नावाचा आयपी सांगणाऱ्या आजच्या यंत्रणेत, एका नावाला ६३ अक्षरं चालतात, म्हणून लांब नाव ठेवता येतं असं वाटतं. आता बघा : 'सांगली-हळद-काउंटर-१' हे रोमनमध्ये २२ अक्षरांचं होतं. पहिली १५ ठेवली तर काउंटरच्या पहिल्या दोन अक्षरांपाशी कात्री लागते. काउंटर १ आणि काउंटर २ या दोघांचं नेटबायोस नाव एकच होतं आणि नेटवर्कवर भांडण सुरू होतं. 'हळदबिल१', 'हळदबिल२' असं छोटं ठेवा.

नाव कामावरून ठेवा, जागेवरून नको. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ला कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं. पुराचा इशारा आला की तळमजल्यावरचे पीसी वर जातात, काही दुसऱ्याच गल्लीत जातात. 'तळमजला१' हे नाव असलेला पीसी वर्षभर दुसऱ्या मजल्यावर चालत राहिला की पुढच्या माणसाचा गोंधळ होतो. माणसाच्या नावावरूनही नको, दिवाणजी बदलतात.

## ४. आधी सर्व्हरचा आयपी पक्का करा

नाव म्हणजे शेवटी आयपीचंच टोपणनाव. आयपी रोज बदलत असेल तर पुढचं सगळं वाळूवर बांधल्यासारखं.

राउटरमध्ये डीएचसीपीची, म्हणजे पीसींना आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांची, रेंज बघा. ती १९२.१६८.१.१०० ते २०० अशी आखून घ्या आणि सर्व्हरला रेंजबाहेरचा पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.१०. नाहीतर राउटरमध्येच सर्व्हरच्या मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर) तो पत्ता राखून ठेवा. दोन्हीपैकी एकच करा आणि कोणतं केलं ते वहीत लिहा.

इंटरनेटवाला राउटर बदलून गेला की रेंजही बदलते, १९२.१६८.१ची १९२.१६८.० होते. नाव, प्रोग्रॅम, डेटा सगळं जागच्या जागी असून सकाळी काउंटर बंद. राउटर बदलायला माणूस आला तर "जुनीच रेंज ठेवा" एवढं त्याला आधी सांगा.

नवा राउटर आला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं आणि ते 'पब्लिक' धरू शकतं. मग शेअरिंग बंद होतं आणि पिंगलाही (दुसरा पीसी उत्तर देतो का ते बघणाऱ्या आज्ञेलाही) उत्तर येत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ते 'प्रायव्हेट' करा.

## ५. विंडोजमध्ये पीसीचं नाव बदला

सगळ्यात स्वच्छ उपाय हाच : जुना सर्व्हर कायमचा गेला असेल तर त्याचंच नाव नव्याला द्या. एकाही नोडला हात लावावा लागत नाही.

सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, 'रीनेम धिस पीसी'. नाव टाका, रीस्टार्ट करा. पॉवरशेलमधून करायचं तर ॲडमिन म्हणून उघडून 'रीनेम-कॉम्प्युटर -न्यूनेम' आणि पुढे नाव, शेवटी '-रीस्टार्ट'. झाल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'होस्टनेम' एवढंच टाइप करून खात्री करा. रजिस्ट्रीत जाऊन हाताने नाव बदलू नका. ते एकाहून जास्त ठिकाणी लिहिलेलं असतं आणि एक जागा राहिली तरी अर्ध्या सेवा जुनं नाव सांगत बसतात.

जुना पीसी दुरुस्त होऊन परत आला तर? त्याला नेटवर्कची वायर लावण्याआधी त्याचं नाव बदला. एका नेटवर्कवर एका नावाचे दोन पीसी असले की कधी हा उत्तर देतो, कधी तो, आणि बिलं दोन डेटाबेसमध्ये वाटली जातात. हे निस्तरायला आठवडे जातात.

नाव बदललं की त्या पीसीवरचे शेअर प्रिंटर आणि शेअर फोल्डर इतरांना जुन्या नावाने सापडत नाहीत. काउंटरवरचा पावती प्रिंटर दुसऱ्या पीसीतून शेअर केला असेल तर तोही नव्या नावाने जोडावा लागेल.

सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस असेल तर आणखी एक काम उरतं. पीसीचं नाव बदललं तरी डेटाबेसच्या आत जुनं नाव राहतं. 'एसपी_ड्रॉपसर्व्हर'ने जुनं काढून 'एसपी_ॲडसर्व्हर'ने नवं 'लोकल' म्हणून घालायचं आणि सेवा पुन्हा चालू करायची. साधं बिलिंग याशिवायही चालतं. ठरलेल्या वेळी आपोआप होणारे बॅकअप वगैरे अडू शकतात, म्हणून ते करून टाका.

## ६. होस्ट्स फाइल : नोडला पत्ता सांगा

नव्या सर्व्हरचं नाव बदलायचं नाही, पण पॅकेजच्या पोटात जुनं नाव कोरलंय. समजा नव्या पीसीवर दुसरं पॅकेज आधीच चालतंय आणि त्याला त्याचंच नाव हवंय. अशा वेळी प्रत्येक नोडच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिहायची.

फाइलचा पत्ता : सी:\विंडोज\सिस्टम३२\ड्रायव्हर्स\ईटीसी\होस्ट्स.

नोटपॅड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, मग त्यातून ही फाइल उघडा. उघडण्याच्या खिडकीत खाली 'ऑल फाइल्स' निवडल्याशिवाय ती दिसणार नाही. शेवटी नवी ओळ :

१९२.१६८.१.१०    सर्व्हर१

आधी आयपी, मग मोकळी जागा, मग नाव. एका ओळीवर एकच नाव ठेवा, नंतर शोधायला सोपं जातं. वर हॅशच्या खुणेने तारीख आणि कारण रोमन अक्षरांत लिहा. सेव्ह करा, 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' द्या आणि 'पिंग सर्व्हर१' करून बघा. कंसात १९२.१६८.१.१० दिसलं पाहिजे.

इथे ज्या चुका होतात त्या ठरलेल्या आहेत :

फाइल 'होस्ट्स डॉट टीएक्सटी' म्हणून सेव्ह होते. फाइलींची शेपटी लपवलेली असेल तर दोन्ही सारख्याच दिसतात. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा.

लोक 'एनएसलुकअप'ने तपासतात, त्यात नाव सापडत नाही, आणि ओळ चुकली समजून फाइल पुन्हा पुन्हा बदलत बसतात. एनएसलुकअप होस्ट्स फाइल वाचतच नाही. ते थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. तपासणी पिंगनेच करा.

आयपीपुढे पोर्ट (त्या पीसीवरच्या एका सेवेचा क्रमांक) लिहितात. या फाइलीत पोर्ट चालत नाही, स्टार लावून अनेक नावंही चालत नाहीत.

अँटिव्हायरस बदल अडवतो किंवा परत पुसतो. सेव्ह केल्यावर फाइल बंद करून पुन्हा उघडून बघा.

पाच-सहा नोडपर्यंत ही पद्धत बरी. वीस नोड असतील तर प्रत्येकावर ओळ लिहिण्यापेक्षा राउटरमध्ये किंवा स्वतःच्या डीएनएस सर्व्हरवर ते नाव एकदाच घाला, तशी सोय असेल तर. सायंकाळी सहाला सुरू केलेलं काम नोड मोजत मोजत अकरापर्यंत जातं आणि शेवटच्या दोघांवर आयपी चुकीचा पडतो.

ब्राउझरमधून उघडणाऱ्या पॅकेजला सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट असेल तर ते एका ठरावीक नावावर दिलेलं असतं. होस्ट्स फाइलीत दुसरं नाव घालून तिथे पोचाल, पण ब्राउझर इशारा देईल. तिथे सर्टिफिकेटवरचंच नाव वापरा.

## ७. पिंग होतं, पण शेअर फोल्डर उघडत नाही

होस्ट्स फाइलने नोड योग्य पीसीपाशी पोचला, पण दारात सर्व्हर म्हणतो "माझं नाव हे नाही". त्याला दुसरं नाव शिकवायचं.

सर्व्हरच्या रजिस्ट्रीत एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, लॅनमॅनसर्व्हर, पॅरामीटर्स इथे जा. 'ऑप्शनलनेम्स' नावाची मल्टि-स्ट्रिंग नोंद करून त्यात जुनं नाव घाला. तिथेच 'डिसेबलस्ट्रिक्टनेमचेकिंग' नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवा. रीस्टार्ट. आता एकच पीसी दोन नावांना ओ देतो.

त्याच सर्व्हरवर बसून स्वतःच्याच जुन्या नावाने फोल्डर उघडताना पासवर्ड पुन्हा पुन्हा मागितला जात असेल तर ते विंडोजचं संरक्षण आहे. करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, एलएसए, एमएसव्ही१_० इथे 'बॅककनेक्शनहोस्टनेम्स' या मल्टि-स्ट्रिंग नोंदीत ते नाव घाला. हे संरक्षण सरसकट बंद करा असं सांगणारे भेटतील. तसं करू नका, एका नावापुरतीच मोकळीक द्या.

पासवर्ड मागितला जातोय किंवा 'गेस्ट' नाकारला जातोय, ही नावाची अडचण नाही. नाव सापडलंय. नव्या विंडोज ११मध्ये बिनपासवर्डाचं शेअरिंग बंद केलेलं आहे. सर्व्हरवर पासवर्ड असलेला युजर बनवून नोडवर तो एकदा जतन करा. 'नेटवर्क'च्या यादीत सर्व्हर दिसत नाही म्हणूनही घाबरू नका. यादीत न दिसणारा पीसी पत्त्याच्या पट्टीत \\नाव लिहिल्यावर उघडतो.

## ८. डेटाबेसला टोपणनाव

एसक्यूएल सर्व्हरवर चालणाऱ्या पॅकेजसाठी होस्ट्स फाइलपेक्षा चांगली सोय आहे. नोडवर 'क्लिकॉन्फग' नावाची छोटी खिडकी विंडोजमध्येच असते : सी-एल-आय-सी-ओ-एन-एफ-जी. तिच्या 'अलियास' पानावर जुनं नाव टोपणनाव म्हणून द्या, टीसीपी/आयपी निवडा, खरा पत्ता आणि पोर्ट लिहा. नेहमीचा पोर्ट १४३३. पोर्टही इथे बदलता येतो, जे होस्ट्स फाइलीत जमत नाही. शिवाय 'सर्व्हर१\अमुक' अशी उलट्या तिरक्या रेषेची नावंही चालतात.

हीसुद्धा ३२ आणि ६४ अशी दोन ठिकाणी आहे. जुन्या पॅकेजसाठी सिसवाऊ६४मधली उघडा. सर्व्हरवर फायरवॉलमध्ये १४३३ उघडा हवा आणि एसक्यूएलच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी/आयपी चालू हवं. एक्स्प्रेस आवृत्तीत ते बहुधा बंद असतं.

## ९. नावाऐवजी आयपीच कोरलेला असेल तर

स्ट्रिंग्जने शोधलं आणि आत नावाऐवजी १९२.१६८.०.५ निघालं. इथे नावाचे सगळे उपाय निरुपयोगी. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाला दुसरा आयपी द्या : ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीज, आयपीव्ही४, ॲडव्हान्स्ड, ॲड. एका कार्डाला दोन पत्ते चालतात. जुना पत्ता वेगळ्या रेंजमधला असेल तर नोडलाही त्या रेंजमधला दुसरा पत्ता द्यावा लागेल.

पोर्टच बदलला असेल तर 'नेटश इंटरफेस पोर्टप्रॉक्सी' ही आज्ञा एका पोर्टवरची जोडणी दुसरीकडे वळवते. ती फक्त टीसीपीसाठी चालते, आणि 'आयपी हेल्पर' ही सेवा चालू असावी लागते.

## १०. लिनक्सवर

'सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम' आणि पुढे नाव. रीस्टार्ट लागत नाही. लगेच /ईटीसी/होस्ट्स उघडा : डेबियन आणि उबुंटूमध्ये १२७.०.१.१ या ओळीवर जुनं नाव असतं, तेही बदला. ही ओळ राहिली की प्रत्येक सुडोला 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' असा इशारा येतो. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर रीस्टार्टनंतर जुनं नाव परत आलं तर ते क्लाउड-इनिट, म्हणजे सर्व्हर चालू होताना सेटिंग्ज लावणारा प्रोग्रॅम, करतंय. त्याच्या कॉन्फिगमध्ये 'प्रिझर्व्ह_होस्टनेम' ट्रू करा.

लिनक्समध्ये 'प्रिटी' नावाचं वेगळं नाव ठेवता येतं आणि ते देवनागरीत चालतं. 'सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम --प्रिटी' वापरून 'हळद बिलिंग, काउंटर १' असं खुशाल लिहा. नेटवर्क ते वापरत नाही, माणसांना मात्र कळतं.

फाइल सर्व्हर म्हणून साम्बा असेल तर एसएमबी डॉट कॉन्फच्या ग्लोबल भागात 'नेटबायोस अलियासेस' या ओळीत जुनं नाव घाला. विंडोजमधल्या ऑप्शनलनेम्सचंच हे काम आहे, पण एका ओळीत होतं.

"मी कोण?" विचारणाऱ्या बंद प्रोग्रॅमसाठी लिनक्समध्ये विंडोजपेक्षा उत्तम सोय आहे : फक्त त्या प्रोग्रॅमपुरतं वेगळं नाव. 'सुडो अनशेअर --यूटीएस' दिलं की नवं शेल उघडतं. त्यात 'होस्टनेम' आणि पुढे जुनं नाव द्या, 'एसयू'ने साध्या युजरवर या आणि प्रोग्रॅम सुरू करा. त्याला जुनं नाव दिसतं, बाकी मशीनला खरं. /ईटीसी/होस्ट्समध्ये ते जुनं नावही घालून ठेवा, कारण स्वतःचं नाव मिळाल्यावर प्रोग्रॅम लगेच त्याचा आयपी विचारतो. लिनक्सवर तपासायला 'गेटईएनटी होस्ट्स' आणि नाव द्या; 'डिग' होस्ट्स फाइल बघत नाही.

## ११. लायसन्सचं आधी बघा

काही पॅकेजेस लायसन्स पीसीच्या नावाला बांधतात. जळालेल्या पीसीच्या जागी नवा आणून तेच नाव देणं आणि एका लायसन्सवर दोन पीसी चालवणं यात फरक आहे. विक्रेता अजून असेल तर त्याला बिलाची प्रत जोडून लेखी कळवा आणि नवीन की मागा. बहुतेक जण देतात. पतसंस्थेत तर ऑडिटरला हा पत्रव्यवहार फाइलीत लागलेला दिसला पाहिजे.

## १२. तपासणी, याच क्रमाने

१. सर्व्हरवर 'होस्टनेम'. अपेक्षित नाव.
२. नोडवर सर्व्हरच्या आयपीला पिंग. हे होत नसेल तर वायर, रेंज किंवा फायरवॉल. नावाकडे वळू नका.
३. नोडवर नावाला पिंग. आयपी बरोबर दिसतो का?
४. \\नाव उघडून शेअर फोल्डर.
५. ओडीबीसीमधलं 'टेस्ट कनेक्शन'.
६. पॅकेज उघडून एक खोटी पट्टी करा, दुसऱ्या नोडवर ती दिसते का बघा, छापा आणि रद्द करा.
७. सर्व्हर आणि राउटर दोन्ही बंद करून चालू करा आणि ३ ते ६ पुन्हा. लाइट जाऊन आल्यावर सकाळी हेच घडणार आहे, ते आज संध्याकाळीच बघून घ्या.

पायरी ३ जमली आणि ४ अडली तर कलम ७. पायरी ४ जमली आणि ५ अडली तर कलम ८.

सगळं चालल्यावर वहीतलं पान असं भरा : पीसीचं नाव, आयपी, राउटरची रेंज, कोणत्या नोडच्या होस्ट्स फाइलीत कोणती ओळ घातली, रजिस्ट्रीत कोणत्या नोंदी केल्या, तारीख. त्या पानाचा फोटो मालकाच्या फोनवर पाठवा आणि सर्व्हरच्या कॅबिनेटवर नाव व आयपी लिहिलेली चिठ्ठी पारदर्शक टेपने चिकटवा. पुढच्या वेळी सर्व्हर बदलताना होस्ट्स फाइलीतल्या जुन्या ओळी आधी काढाव्या लागतील, आणि त्या कुठे कुठे आहेत हे फक्त या पानावरून कळेल.